अक्का, तुझ्या मरणाचं खापर

अक्का, तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही आणि एवढ्यात तुला दोनदा मारून झालंय.

पहिल्यांदा तुझ्याच घरी, अंबत्तूरला. तुला हॉलमध्ये त्या काचेच्या थंड पेटीत ठेवलं होतं. मी कारखान्यातून तशीच आले होते, दाराशी बसून बुटाच्या नाड्या सोडत होते. आत कुणीतरी तुझ्या सुनेला विचारलं, काय झालं होतं? मालिनी म्हणाली, "काय होणार? कच्चं खाऊन खाऊन गेल्या. माणूस आहे का शेळी आहे?" सगळ्यांनी माना हलवल्या. तुझा मुलगा राघवही तिथंच होता, तो पेटीकडं बघत राहिला.

दुसऱ्यांदा मारलं आपल्या शिबिराच्या ग्रुपवर. शिबिर चालवणाऱ्या आपल्या ऐयांनी लिहिलं, वसंताबाई फार गोड बाई होत्या, पण शेवटपर्यंत गोळ्यांचा मोह सुटला नाही; शरीरानं किती विष सोसायचं? त्याखाली जोडलेल्या हातांची ही रांग.

एकीच्या मते कच्चं खाल्लंस म्हणून मेलीस. दुसऱ्याच्या मते गोळ्या खाल्ल्यास म्हणून. तुला तुझ्या स्वतःच्या हृदयानं मरायचीसुद्धा मुभा नाही.

ऐयांनी मला फोन करून सांगितलं, रविवारी शिबिराच्या बागेत अक्कासाठी शोकसभा आहे, तू तिच्या खोलीत राहायचीस, तूच बोल. काय बोलायचं तेही सांगितलं. मला माहीत होतं की खरं बोलले तर बागेचं फाटक मला बंद होणार. आणि ते बंद झालं तर या गावात माझं कोण आहे? कारखाना, हॉस्टेल आणि तू गेलेली. रविवारी मी काय केलं ते तुला सांगायला बसलेय. मी काही लेखिका नाही. मोटारीचे सुटे भाग बनतात तिथं क्वालिटीला आहे, वाईट माल बाजूला काढते. पण माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार बघितलं नव्हतं, त्यामुळं लिहितावाचता येण्याचा मला माज आहे. तो तू बघितलेला आहेस.

आपली गाठही त्या कारखान्यामुळंच पडली. वार्षिक तपासणीत माझी साखर काठावर आली आणि साहेबांनी काठावरच्या सगळ्यांना बसमध्ये घालून तिरुवळ्ळूरच्या पुढच्या त्या आंब्याच्या बागेत पाठवलं. दोन दिवस कच्चा आहार, पोटावर मातीची पट्टी, गवतावर चालणं. कारखान्याबाहेरची, आपल्या मनानं आलेली माणसं वेगळी होती, त्यांच्यात तू. भाषेच्या रकान्यात दोघींनी मराठी लिहिलेलं, म्हणून आपल्याला एका खोलीत टाकलं. आयोजकांना वाटलं, यांचं जमेल.

जमायला आधी कळायला पाहिजे होतं. तू तुझी ती तंजावरची मराठी सुरू केलीस आणि मला वाटलं कुणीतरी पोथी वाचतंय आणि मधेच खिडकीतून भाजीवाल्याला तमिळमध्ये हाक मारतंय.

"तूं मराठी काय गे? कोठली?"

"परभणीकडची."

"तें कोठें आलें?"

"महाराष्ट्रात."

तू थोडा विचार केलास. "आमचे लोक तर केव्हांचे इकडे आले. तुमचे मागें कां राहिले?"

मी हसून हसून गादीवर पडले. तू मात्र खरंच उत्तराची वाट बघत होतीस.

त्याच संध्याकाळी दोघींची चोरी पकडली गेली. माझ्या बॅगेत आईनं पाठवलेल्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तुझ्या पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत फिल्टर कॉफीचं गार डिकॉक्शन. मी म्हणलं, अक्का, हे कच्चं आहे का? तू छाती पुढं काढून म्हणालीस, "पाणी तापलें. कॉफी कोठें तापली? ती गप्प बसून होती." आणि माझी भाकरी उचलून विचारलंस, "हें काय, पापड?" दातांची काळजी न करता अर्धी संपवलीस. मग पडदे ओढून आपण आरोग्य सुधारत बसलो.

पहिले काही दिवस मी तुला तुम्ही म्हणायचे. तू म्हणालीस, "तुम्ही नकों मा. कारखान्यांत टाइपिंग करत होतें तेव्हां साहेब तुम्ही म्हणत, आणि लगेच काम देत."

अक्का, मी तुझ्याशी भांडत आले आणि अजून भांडतेय, म्हणून आधी माझी बाजू पुन्हा सांगते. माझी आई गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. लाकडं ओली असली की डोळे लाल करून घरी येते. त्या चुलीवर मी इंजिनियर झाले. आमच्यात चूल पेटली म्हणजे दिवस नीट गेला. आणि इथं चांगले पगारवाले लोक पैसे भरून काकडी खायला येतात आणि तिला साधना म्हणतात! मी पहिल्याच दिवशी तुला म्हणलं, कच्चा कांदा खाऊन आमच्या आज्यानं दिवस काढलेत, त्याला कुणी शिबिर म्हणलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नोकरी लागली अन् कच्चं खाया लागलीस? आम्ही काय कमी घातलं व्हतं का?"

तू फोन माझ्या हातातून घेतलास आणि तिच्याशी बोललीस. काय बोललीस ते तिला निम्मं कळलं नाही. नंतर मला विचारते, "कोण गं ती? देवळातली बाई हाय का?"

पण सकाळी तू मला हाताला धरून स्वयंपाकघराच्या ओसरीवर नेलंस. स्वयंपाकघर कसलं, आग नव्हतीच. त्या बागेचा एक नियम होता, तो मला कुणी आधी सांगितला नव्हता: विळी, सुरी आणि खोवणी पुरुषांनी चालवायची. बायकांनी बसायचं. आणि खरंच, बँकेतले, रेल्वेतले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले बाप्ये लुंग्या आवरून खोवणीवर बसले होते आणि नारळ खोवत होते. एकाचं निम्मं खोबरं जमिनीवर. तू भिंतीला टेकून पाय लांब केलेस, तशी बसलेली मी तुला बागेबाहेर कधीच कुठं पाहिली नाही, आणि ओरडलीस, "सार, करवंटी पण खोवूं नका!" ते सार, म्हणजे आपले सर, लाजले. सगळ्या बायका फिदीफिदी हसल्या.

तेव्हा तू मला सांगितलंस. "लग्न होऊन आलें तेव्हां घरांत केवढीं माणसें. सकाळीं कॉफी, मग टिफिन, मग सांबार, मग पुन्हा टिफिन. ऑफिसांतून आलें कीं स्टोव्ह माझी वाट बघत असे, नवरा नव्हे. पोदुम. पुरे. आतां त्या आगीची आणि माझी भेट एकदांच, शेवटीं."

त्यानंतर मी काकडीवर जास्त बोलले नाही.

पोह्यांवर मात्र बोलले. ऐया भिजवलेले पोहे वाढायचे, वर खोबरं आणि गूळ, आणि म्हणायचे हे शुद्ध कच्चं. मी क्वालिटीवाली. मी म्हणलं, कसं? साळी गरम पाण्यात घालतात, भट्टीवर भाजतात, मग कुटतात. पोहे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आगीतून गेलेत. ऐया हसून पुढं गेले. तू गेली नाहीस. तू बोट वर करून म्हणालीस, "ज्याच्यासाठीं घरांतली बाई उठली नाहीं, तें कच्चें."

"मग गिरणीतल्या भट्टीपाशी उभी असते ती? ती कुणाच्या घरातली नाही का?"

तू घास तसाच धरून बसलीस. मग म्हणालीस, "थांब. विचार करून सांगतें."

केलास का विचार? पुढं मी माझ्या मनानं येत राहिले, प्रत्येक शिबिराला विचारायचे आणि तू प्रत्येक वेळी म्हणायचीस, चाललाय. असा वाद अर्धा टाकून जायची आमच्याकडं पद्धत नाही, अक्का. मी जिंकले असं मी धरणार नाही. पण तू जिंकलीस असंही नाही.

मला शिबिरानं काय दिलं? लोक विचारतात, साखर गेली का? काठावरून थोडी आत आली. आता ती कोहळ्याच्या रसानं आली, का कँटीनचा तिसरा डोसा सुटला म्हणून, का मी वेळेवर झोपायला लागले म्हणून, ते मला सांगता येत नाही आणि कुणी छातीठोक सांगितलं तर मी विचारीन, तपासलं कसं? पण मला डेंग्यू झाला तेव्हा हॉस्टेलच्या खाटेवर मी एकटी नव्हते. शिबिरातल्या बायका पाळ्या लावून आल्या. कुणी शहाळं, कुणी डाळिंब सोलून. तू आलीस ती डब्यात गरम रसम घेऊन. मी म्हणलं, अक्का, आग? म्हणालीस, "तोंड उघड. बोलूं नको." स्टोव्हशी केलेला काडीमोड तू माझ्यासाठी एक दिवस मोडलास. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. रसम खारट झालं होतं, तेवढंच बोलले.

आणि ऐया. ते वाईट माणूस नाहीत, हे मी रविवारीसुद्धा विसरले नव्हते. शाळामास्तर होते. त्यांच्या बागेत कुणाची जात, पगार, हुद्दा विचारत नाहीत. शेजाऱ्याला पहिला घास भरवल्याशिवाय स्वतः खायचं नाही हा नियम त्यांचाच. माझ्या हातचा पहिला घास तिथं कुणी कुणी खाल्लाय हे मी गावात सांगितलं तर लोकांना खरं वाटणार नाही. त्यासाठी मी त्यांच्या पाया पडायला तयार आहे. पण टोपलीसाठी नाही.

निरोपाच्या सकाळी सगळ्यांना गोल बसवून ते वेताची टोपली फिरवायचे. ज्याला त्याला आपापल्या गोळ्या तीत टाकायच्या, शरीरावर विश्वास ठेवला याची खूण म्हणून. लोक टाकायचे, काहींचे डोळे भरून यायचे. टोपली तुझ्याकडं आली की तू ती नीट दोन्ही हातांनी घ्यायचीस, पुढच्याला द्यायचीस, कमरेच्या बटव्यातून तुझी हृदयाची गोळी काढायचीस आणि सगळ्यांसमोर कोहळ्याच्या रसाबरोबर गिळायचीस.

एकदा ऐयांना राहवलं नाही. "अम्मा, इतकी वर्षं येता, अजून आमच्यावर विश्वास नाही?"

तू तमिळमध्ये म्हणालीस, अगदी मऊ आवाजात, "तुमच्यावर आहे म्हणून येते, ऐया. डॉक्टरवर आहे म्हणून येऊ शकते."

लहानपणी तुला सांध्यांचा ताप आला होता आणि जाताना तो हृदयाची झडप खराब करून गेला. डॉक्टरांकडं तुझ्याबरोबर मी जायचे. ते दर वेळी तेच सांगायचे: झडप थकलीय, ऑपरेशन तुम्हाला नको आहे, तर गोळ्या चुकवू नका. काय खाता तेही तू त्यांना सगळं सांगितलं होतंस, कोहळ्यापासून कडक भाकरीपर्यंत. ते म्हणाले होते, खा, पण गोळ्या सोडू नका आणि तपासणीला येत राहा. तू सोडल्या नाहीस. त्या झडपेनं तुला सत्तरी ओलांडून दिली आणि एका सकाळी, केस विंचरताना, ती थांबली. यात नारळाचा दोष नाही आणि गोळीचाही नाही.

मालिनीला हे मी तेराव्याला सांगितलं. तेरावं नुंगंबाक्कमच्या एका हॉलमध्ये होतं, राघवच्या ऑफिसजवळ. ती भांड्यांपाशी उभी होती, मीही जाऊन उभी राहिले. झडपेचं ऐकून म्हणाली, "गोळ्या मला माहीत आहेत. ताप मला माहीत नव्हता." मग मराठी सोडून तमिळमध्ये, भराभर: मी रोज दोन्ही वेळा त्यांच्यासाठी ताट वाढलं. त्या त्याला शिवल्या नाहीत. काकडी कापून बाल्कनीत जाऊन बसायच्या. शेजारपाजारच्या बायका विचारायच्या, सासूला तुझ्या हातचं चालत नाही का? मी काय उत्तर देणार?

अक्का, याचं उत्तर तुझ्याजवळ होतं आणि तू ते त्या पोरीला दिलं नाहीस. मला ओसरीवर पाय पसरून सांगितलंस, सगळ्या बागेला सांगितलंस, आणि तुझ्या घरात, तुझ्याच जागी स्टोव्हपाशी जी उभी होती तिला सांगितलं नाहीस. मला तुझा राग आला. अजून आहे. मी तिला म्हणलं, "त्या तुझ्या हाताला नको म्हणत नव्हत्या. त्यांना वाटायचं, आपल्यासाठी कुणी बाईनं आगीपाशी उभं राहू नये."

मालिनी म्हणाली, "मग तसं सांगायचं. मीपण बसले असते की."

ती रडली नाही. पदरानं कपाळ पुसलं आणि पायसम वाढायला गेली. 'कच्चं खाऊन गेल्या' हे ती त्यानंतर कुणाला म्हणाली नाही, निदान माझ्यासमोर नाही.

आता रविवार.

बागेत तुझा फोटो आंब्याच्या झाडाला टेकवून ठेवला होता, मोगऱ्याचा हार. ऐया छान बोलले. मग शेवटी वळलेच त्या वाटेला: अम्मांनी शेवटचं पाऊल टाकलं नाही, टोपली त्यांनी कायम पुढं सरकवली, आपण त्यापासून शिकू या. आणि टोपली निघाली. तुझ्या फोटोसमोर, तुझ्या नावानं.

माझ्या शेजारी जयंती बसली होती. आठवते ना, गेल्या खेपेपासून येणारी, पोस्टातली, थायरॉइडवाली. तिनं तेव्हा गोळ्या टोपलीत टाकल्या होत्या आणि तू तिला नंतर पंपापाशी गाठून रागावली होतीस. तिनं परत सुरू केल्या होत्या. आता ती पाकीट हातात धरून बसली होती. चेहरा सुजलेला वाटत होता. टोपली तिच्याकडं आली तेव्हा ती माझ्याकडं बघायला लागली.

मी उठले. ऐयांना वाटलं, भाषण करायला उठली. भाषणच केलं. माझं तमिळ तुला माहीत आहे, घाबरले की क्रियापदं पळून जातात. त्या दिवशी एकही पळालं नाही.

मी म्हणलं, वसंताक्का हृदयाच्या झडपेनं गेली. ती झडप लहानपणीच्या तापात बिघडली होती, तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म नव्हता तेव्हा. गोळ्या तिनं मोहानं खाल्ल्या नाहीत, विचार करून खाल्ल्या. इथं ती बरी व्हायला येत नव्हती, बसायला येत होती. ते तिला मिळालं, त्याबद्दल ऐयांचे उपकार आहेत. पण तिच्या नावानं ही टोपली फिरणार नाही. जिला काकडी खायची तिनं खावी. जिला गोळी आहे तिनं डॉक्टरला विचारल्याशिवाय ती सोडू नये. मी माझ्या कारखान्यात न तपासलेला एक नटसुद्धा पुढं जाऊ देत नाही.

"संगीता," ऐया म्हणाले, "दुःखात माणूस काहीही बोलतो. बस."

"दुःखात नाही ऐया, रागात बोलतेय. दुःख घरी गेल्यावर करीन."

कुणी हात जोडले नाहीत. नारळ खोवणारे ते सार खाली बघत राहिले. मी टोपली जयंतीच्या मांडीवरून उचलली आणि जमिनीवर ठेवली. मग तुझ्या फोटोला नमस्कार केला, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर आले. डांबरी रस्त्यापर्यंत पोचायच्या आत मला ग्रुपमधून काढलेलं होतं.

बसमध्ये मी वाट बघत होते की कुणीतरी फोन करेल. ज्या बायकांनी मला डाळिंब भरवलं, त्यांपैकी एखादी. आवडी आलं, अंबत्तूर आलं. कुणी केला नाही. मला वाईट वाटलं हे तुझ्यापासून कशाला लपवू? मी रडले, कंडक्टरनं तिकीट परत तपासलं. पण मला पुन्हा तिथं उभं केलं तर मी पुन्हा हेच बोलीन, आणि दुसऱ्या वेळी जरा मोठ्यानं.

काल संध्याकाळी शिफ्ट संपवून बाहेर पडले तर जयंतीचा फोन. म्हणाली, "संगीताक्का, बाकीच्या विचारतात तू रागावलीस का म्हणून. त्यांना भीती वाटते फोन करायची."

"भीती कसली? मी काय चावते?"

"थोडीशी," ती म्हणाली.

मग तिनं जे विचारायला फोन केला होता ते विचारलं. वसंताक्का कुठल्या डॉक्टरकडं जायच्या? ते थायरॉइडचं बघतात का?

मी म्हणलं, ते बघत नसतील तर कोण बघतं ते सांगतील. उद्या माझी सुट्टी आहे, पाचला हॉस्टेलवर ये, मी बरोबर येते. आणि येताना उपाशी येऊ नकोस, काहीतरी खाऊन ये.

"कच्चं का शिजवलेलं?"

"तुला आवडेल ते," मी म्हणलं. "पण खाऊन ये."